हायड्राखाली भावाचा पाय गेला, ठेकेदार दोन लाखांवर सही मागतोय

येलदरी | ३ जून २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे साईटवर काम करणारे, वकील, ठेकेदार सगळेच वाचतात म्हणून विचारतो. थोडं लांबेल.

माझा मोठा भाऊ, वय २८ पूर्ण. पुण्यात हिंजवडीच्या बाजूला एका टॉवरच्या कामावर होता. आम्ही जिंतूर तालुक्यातले. दोन एकर कोरडवाहू आहे, त्यामुळे दिवाळी झाली की दादा पुण्याला जातो आणि पेरणीला परत येतो. शेजारच्या गावचा एक मुकादम आहे, त्याच्या हाताखाली वीस-पंचवीस पोरं. मुकादम सेंट्रिंगच्या ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार मोठ्या कंपनीच्या हाताखाली, आणि कंपनीला काम दिलंय बिल्डरनं. हायड्रा, म्हणजे माल लटकवून चालणारी चाकांची क्रेन, या चौघांपैकी कुणाचीच नाही. ती भाड्याची.

९ मार्चला दुपारी जेवण झाल्यावर गेटजवळचे सळईचे बंडल बेसमेंटच्या रॅम्पकडे हलवायचं काम चाललं होतं. बंडल हायड्राला लटकवलेला, आणि तो फिरू नये म्हणून दादाला एका टोकाला धरून सोबत चालायला सांगितलं होतं. दोरी नाही, नुसत्या हातानं. जमीन उंचसखल, त्यात धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलेलं. दादा सांगतो की क्रेनला दचका बसला, बंडल एकदम त्याच्या अंगावर झोकला, तो मागं सरला आणि पुढचं चाक डाव्या पायावर आलं. ऑपरेटरला पत्ताच नाही. पोरं ओरडली तेव्हा त्यानं थांबवली, आणि घाबरून तशीच मागं घेतली. म्हणजे एकाच पायावरून दोनदा.

जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी पाय काढावा लागला. गुडघ्याखाली चार इंच ठेवलाय. बिल साईटच्या लोकांनी भरलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आता कागद बघतोय तर केस पेपरवर लिहिलंय, 'दुचाकीवरून घसरून पडल्याने दुखापत'. दादाला तेव्हा शुद्ध नव्हती. सोबत सुपरवायझर होता, त्यानंच सांगितलं असणार. दादाला तर गाडी चालवताच येत नाही.

गेल्या आठवड्यात मुकादम घरी आला. शंभरच्या स्टॅम्पवर टाइप करूनच आणलेलं: माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मला इजा झाली, पूर्ण व अंतिम रक्कम रुपये दोन लाख मला मिळाली, यापुढे माझी वा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही. पैसे रोख. म्हणतो, चार दिवसांत सही द्या, नाहीतर ठेकेदार हेही देणार नाही. वर हेही ऐकवलं की दादा चपलेवर होता, सेफ्टी शूज नव्हते, म्हणून केस केली तरी काही मिळणार नाही. चपलेवर होता हे खरं आहे. पण बूट कुणालाच दिले नव्हते.

वहिनी म्हणते घेऊन टाका, मृग तोंडावर आलाय, बियाणं-खत कशानं आणायचं. आबा काहीच बोलत नाहीत. दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, कायद्यातलं मला शून्य कळतं. रोज ७०० रुपये हजेरी होती, पगार रोखीनं, स्लिप वगैरे काही नाही. काय करावं?

---

हायड्रा१४ | ३ जून, रात्री ११.५५

भावा, सही करू नको. बाकीचं वकील लोक सांगतील. मी हायड्रा चालवून आयुष्य काढलंय, आता एका साईटवर सेफ्टीला आहे, त्यामुळे मशीनचं मी सांगतो. कारण तुझ्या दादाच्या डोक्यात 'माझीच चूक' हे बसलेलं असणार, आणि तो मुकादम तेच घट्ट करून गेलाय.

हायड्रा कधी नीट बघितलीस का? जुन्या पद्धतीच्या मशीनला पुढची चाकं मोठी, छातीपर्यंत येतील एवढी. केबिन मागे. केबिनच्या बाजूनं बूम पुढं निघतो आणि त्याच्या टोकाला हूक. म्हणजे ऑपरेटर बसतो मागे, माल लटकतो पुढे, आणि दोघांच्या मधे लोखंडाचा तो आडवा खांब. बूमच्या पलीकडच्या चाकाजवळ माणूस उभा असेल तर मला त्याचं हेल्मेटसुद्धा दिसत नाही. आरसा असतो, पण धुळीनं भरलेला, नाहीतर तुटलेला. आणि आरसा मागचं दाखवतो रे, पुढच्या चाकाखालचं नाही.

आता माल. सळई बारा मीटर लांब. असा बंडल एका हुकावर लटकवला की तो जागच्या जागी गोल फिरायला बघतो. त्याला आवरायचं असेल तर दोन्ही टोकांना लांब दोऱ्या बांधायच्या, माणसं लांब उभी करायची, आणि सिग्नल देणारा एकच माणूस ऑपरेटरला दिसेल असा पुढं चालला पाहिजे. खलाशी म्हणतात तो. खलाशाला स्लिंग कशी बांधायची, माल कुठं झोकेल, कुठं उभं राहायचं नाही हे कळतं. त्याची हजेरी हेल्परपेक्षा जास्त, म्हणून साईटवाले सेंट्रिंगचा पोरगा उचलतात आणि म्हणतात, 'जा रे, जरा टोक धर.' हातानं टोक धरायचं म्हणजे चालायचं कुठं? बंडल आणि चाक यांच्या मधल्या पट्ट्यात. दुसरी जागाच नसते. माल आत झोकला की मागं सरायचं, आणि मागं असतं चाक. तुझ्या दादानं काही वेगळं केलेलं नाही, त्या जागी उभा केलेला कुणीही तेच करणार.

तो दचका का बसला तेही सांगतो. मशीनवर १४ टन लिहिलेलं असतं. ते क्रेन सपाट जमिनीवर उभी असताना, बूम आत घेतलेला असतानाचं. बूम बाहेर काढला की क्षमता घटते, माल घेऊन चालायला लागली की आणखी घटते. तो तक्ता केबिनमध्ये चिकटवलेला असतो, बहुतेक ठिकाणी तो उन्हानं पांढरा झालेला असतो. ओल्या, खड्ड्याच्या जमिनीवर माल घेऊन चालायचं असेल तर माल जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा आणि माणसाच्या चालीपेक्षा हळू न्यायचं. पण हायड्राचं भाडं चालतं तासावर. साईट इंजिनीअर घड्याळ बघत उभा असतो, चार वाजायच्या आत बंडल उरकले तर पुढचा तास वाचतो. दुपारच्या जेवणानंतर सगळे सुस्तावलेले असतात तेव्हाच ही घाई चालते.

म्हणून आता चांगल्या कंपन्या जुनी हायड्रा गेटच्या आत घेत नाहीत, केबिन पुढे असलेली नवी क्रेनच मागतात. पण महाग पडते. तुझ्या दादाच्या साईटवर कोणती होती ते पोरांना विचार.

आणि आता कामाची गोष्ट, ही नीट वाच. भाड्याची क्रेन असेल तर तिची रोजची लॉगशीट असते. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कुठलं काम, आणि खाली साईटच्या माणसाची सही. त्या सहीशिवाय क्रेनवाल्याला भाडं मिळत नाही, म्हणून ती हमखास असते. तिच्या तीन प्रती निघतात, एक क्रेनमालकाकडे राहते. ९ मार्चची लॉगशीट म्हणजे त्या दिवशी ती क्रेन त्या गेटच्या आत होती याचा साईटच्याच सहीचा पुरावा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर असतो. ऑपरेटर पळाला असेल, कागद पळत नाही. पण दादाच्या सोबतच्या पोरांकडून आधी गाडीचा नंबर मिळव. कुणीतरी फोटो काढलेला असतोच, साईटवर असं काही झालं की दहा मोबाईल बाहेर येतात.

---

सेंट्रिंगवाला | ४ जून, सकाळी ८.१०

मी स्वतः छोटा ठेकेदार आहे, नाशिकला. सगळे ठेकेदाराला शिव्या घालणार हे माहीत आहे, तरी दुसरी बाजू लिहितो.

कोर्टात गेलात तर चार-पाच वर्षं जातील. हजेरीचा कागद नाही, स्लिप नाही, केस पेपरवर दुचाकी. सोबतची पोरं मुकादमाच्या गावची, ती साक्षीला उभी राहतील का? त्यांनाही उद्या त्याच्याकडेच काम पाहिजे. दोन लाख कमी आहेत हे मान्य. पण घासाघीस करून पाच-सहापर्यंत नेता आले तर घेऊन मोकळं व्हावं असं माझं स्पष्ट मत.

आता एक आतली गोष्ट, जी ठेकेदार कधी सांगत नाही. मोठ्या कंपनीच्या साईटवर आमच्यासारख्याला आत पाऊल टाकायचं तर आधी डब्ल्यूसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाईची, विमा पॉलिसी दाखवावी लागते. त्याशिवाय पहिलं बिल निघत नाही. म्हणजे कामगाराला काही झालं तर भरपाई विमा कंपनी देते, ठेकेदाराच्या खिशातून जात नाही. मग तो दोन लाख रोख का देतोय? याचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की पॉलिसी काढली पंधरा माणसांची आणि साईटवर माणसं साठ. क्लेम लावायला गेला की विमावाला हजेरीपट मागणार, आणि भांडं फुटणार.

दुसरं, गेटवर फळा असतो बघा, 'अपघाताविना इतके लाख मनुष्यतास'. तो आकडा शून्यावर आला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांची झाडाझडती होते. दुचाकीची गोष्ट त्या फळ्यासाठी आहे, तुमच्या भावासाठी नाही. एवढं कळलं की घासाघीस कुठून सुरू करायची तेही कळेल.

---

हायड्रा१४ | ४ जून, सकाळी ८.५०

सेंट्रिंगवाले, पॉलिसीचं आणि फळ्याचं लिहिलंत, त्याबद्दल मानलं तुम्हाला. पण पाच-सहा लाख हा आकडा कुठून आणलात? पायाची किंमत तुम्ही आणि मी ठरवायची नाही, त्याचा हिशोब कायद्यात छापलेला आहे. वकीलसाहेब कुठे आहेत आपले?

---

काळाकोट | ४ जून, रात्री ९.३०

आलो. कामगार न्यायालयात माझी प्रॅक्टिस आहे, त्यामुळे हिशोबापासूनच सुरू करतो.

लागू होतो तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ चा. साईटवर अजून डब्ल्यूसी म्हणतात तोच, २००९ च्या दुरुस्तीत नाव बदललं. तुमच्या भावाची हजेरी ७०० म्हणजे २६ दिवसांचे १८,२०० होतात, पण कायद्यानं हिशोबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरली जाते. जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, आधी ८,००० होती. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९,०००, आणि त्याला वयाच्या गुणकानं गुणायचं. परिशिष्ट चारमध्ये २८ वर्षांना गुणक आहे २११.७९. गुणाकार करून बघा: १९,०६,११०.

पाय गेला म्हणजे अंशतः अपंगत्व, असं समोरचा वकील म्हणेल. त्याचाही तक्ता परिशिष्ट एकमध्ये आहे आणि तो इंचांत आहे. गुडघ्याखाली साडेतीन ते पाच इंच भाग शिल्लक असेल तर कमाईच्या क्षमतेत ५० टक्के घट. साडेतीन इंचांपेक्षा कमी असेल तर ६०. म्हणून ते 'चार इंच' डॉक्टरांच्या कागदावर कसे लिहिलेत ते आजच बघा. ५० टक्के धरले तरी ९,५३,०५५ रुपये होतात. दोन लाख कुठे आणि हे कुठे.

आणि ५० वर थांबायचंच असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता. एक सुतार सिनेमा थिएटरमधलं नक्षीकाम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, उजवा हात शाबूत आहे, मग अपंगत्व अंशतः धरा. न्यायालयानं म्हटलं, सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणजे या माणसापुरतं अपंगत्व पूर्णच. सेंट्रिंगचा कामगार एका पायावर प्लेटा घेऊन शिडी चढू शकतो का, हा युक्तिवाद तुमच्या बाजूनं उभा आहे. त्याच निकालानं हेही सांगितलं की भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, न्यायालयानं आकडा ठरवल्यापासून नाही. एक महिन्यात दिली नाही तर दरसाल १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण नसताना अडवली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. सेंट्रिंगवाल्यांनी चार-पाच वर्षांची भीती घातली, ती खोटी नाही. पण साडेनऊ लाखांवर वर्षाला एक लाख चौदा हजार व्याज चढतं, ते मीटर मालकाच्या अंगावर चालू असतं हेही त्यांनी सांगायला हवं होतं. उपचाराचा खर्च मालकानं भरायचाच आहे. तो भरपाईतून वळता करता येत नाही, त्यामुळे 'आम्ही बिल भरलं' हे उपकार म्हणून ऐकून घेऊ नका.

स्टॅम्पचं. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातल आहे, कलम १७. ठरवून रक्कम घ्यायची असेल तर तो समझोता या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंदवलाच नाही तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते, आणि त्यानं दिलेल्यातलाही निम्म्याहून जास्त भाग तो वळता करून घेऊ शकत नाही. म्हणजे सही केली तरी दार बंद होत नाही. पण 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे वाक्य तुमच्या भावाच्या सहीनं पुढच्या प्रत्येक तारखेला समोर येईल. म्हणून सही नकोच.

चपलेचं. मालकाला सुटायचं तर दाखवावं लागतं की बूट दिले होते, हे कामगाराला माहीत होतं, आणि तरी त्यानं जाणूनबुजून घातले नाहीत. बूट दिलेच नाहीत तिथे हा मुद्दा त्याच्यावरच उलटतो.

जबाबदार कोण? मुकादम, ठेकेदार, कंपनी यांच्या साखळीत हरवू नका. कलम १२ प्रमाणे ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत चाललं होतं त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते, मग तो ठेकेदाराकडून वसूल करत बसो. सगळ्यांना पक्षकार करायचं. दावा अपघातापासून दोन वर्षांत दाखल करायचा, आणि तो पुण्यातच करायला पाहिजे असं नाही. कामगार जिथे राहतो तिथल्या आयुक्तांकडेही चालतो, म्हणजे तुम्हाला परभणी जिल्ह्यातच करता येईल.

आता दुसरा रस्ता. हायड्रा टायरवर चालते, तिला आरटीओचा नंबर आणि विमा असतो. साखळीवर चालणारं पोकलेन असतं तर हा मुद्दाच आला नसता. नंबर असलेल्या वाहनाखाली इजा झाली म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाता येतं. तिथे १५,००० ची मर्यादा नाही, पुढच्या काळातली कमाईतली वाढ धरतात, वेदनेचेही पैसे मिळतात, त्यामुळे आकडा मोठा होऊ शकतो. पण तिथे चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो, आणि साईट बंदिस्त असल्यानं ती 'सार्वजनिक जागा' नव्हे असं म्हणून विमा कंपनी भांडते. दोन्हीपैकी एकच रस्ता निवडता येतो, दोन्हीकडे भरपाई मिळत नाही. आणि मोटार दाव्याला मुदत सहा महिन्यांची आहे. ९ मार्चचा अपघात, म्हणजे ९ सप्टेंबर. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

एक अट राहिली. भावाच्या नावानं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापत होते का? पुण्यातल्या बांधकाम साईट ईएसआयमध्ये येतात. त्याचा विमा क्रमांक काढलेला असेल तर वर लिहिलेली भरपाई नाही, ईएसआयचं अपंगत्व निवृत्तिवेतन मिळेल. ठेकेदार लोक बरेचदा अपघातानंतर घाईघाईनं नाव घालतात, म्हणून नोंदणीची तारीख बघा.

---

नाक्यावरची | ५ जून, दुपारी १.१५

मी पुण्यात मजूर अड्ड्यावर बांधकाम कामगारांच्या नोंदण्या करून देते. वकीलसाहेबांनी पैशाचं सगळं सांगितलं. मला तुमच्या घरातलं थोडं बोलायचंय.

आधी पायाचं. राहिलेल्या भागाला बँडेज कसं गुंडाळायचं ते दवाखान्यात दाखवलं का? खालून घट्ट, वर जाताना सैल, तिरकं तिरकं, रोज उघडून परत. ते नीट केलं नाही तर सूज राहते आणि कृत्रिम पाय बसत नाही. आणि दादांना गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू देऊ नका, गुडघा वाकडाच आखडतो. बरीच माणसं इथे अडकतात. पुण्यात साधू वासवानी मिशनमध्ये कृत्रिम पाय मोफत मिळतो, जयपूर फूटचीही शिबिरं होतात. गुडघा शाबूत आहे ही फार मोठी गोष्ट आहे. गुडघा असलेली माणसं पाय बसल्यावर माझ्यासमोर जिना चढलेली आहेत. हे दादांना सांगा, पण एकदम नाही, हळूहळू.

दादांकडे बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड आहे का? वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर नोंदणी होते, फी एक रुपया. मंडळाची अपंगत्वाची दोन लाखांची मदत ७५ टक्क्यांपासून पुढे आहे, त्यामुळे कदाचित त्यात बसणार नाही. पण कार्ड जुनं असेल तर त्यासोबत ९० दिवस कामाचा दाखला जोडलेला असतो, त्यावर ठेकेदाराची सही-शिक्का असतो. वकीलसाहेबांना तो कागद सोन्यासारखा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अपंग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 'निम्मे माझे, निम्मे तुझे' म्हणणारे दलाल दवाखान्याच्या दारातच भेटतात, त्यांना आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

मागच्या वर्षी शहापूरला सरळांब्याजवळ समृद्धीच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळला, वीस माणसं गेली. टीव्हीवर दोन दिवस चाललं, सरकारनं मदत जाहीर केली. एकट्या माणसाच्या पायावरून चाक गेलं तर कुणी येत नाही. त्याची 'दुचाकी' होते. या वर्षातली ही मला कळलेली पहिली दुचाकी नाही.

वहिनींवर चिडू नका. बियाण्याचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्यांचा खरा आहे. त्याचं उत्तर आधी शोधा, मग सही न करण्याचा धीर घरात येईल.

---

येलदरी | ६ जून, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळं दादाला वाचून दाखवलं. हायड्रा१४ काकांचं आधी वाचलं. चाक आणि बंडलच्या मधल्या पट्ट्याचं आलं तेव्हा तो उठून बसला आणि म्हणाला, 'परत वाच.' मग स्वतःहून सांगायला लागला. कुणी धरायला लावलं, इंजिनीअर काय म्हणाला, सगळं. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय.

क्रेनचा फोटो मिळाला. सोबतच्या एका पोरानं काढलेला, नंबर अर्धा दिसतोय, शेवटचे चार आकडे स्पष्ट आहेत. केबिन मागेच आहे. पोरगा म्हणतो साक्षीला येईन, पण आता नाही, दिवाळीत मुकादम बदलल्यावर. हजेरीची मुकादमाची वही आहे, तिच्या दोन पानांचा फोटो दादाच्या मोबाईलमध्येच निघाला, उचल किती घेतली ते लक्षात राहावं म्हणून त्यानं काढून ठेवला होता. डॉक्टरच्या कागदावर चार इंच लिहिलंय. ईएसआयचं कधी ऐकलं नाही म्हणतो. मंडळाचं कार्ड नाही.

बियाण्याचं मामांनी बघतो म्हटलंय. वहिनी अजून रागातच आहे.

दोन प्रश्न. केस पेपरवरची दुचाकी कशी खोडायची? आणि पोलिसात आता तीन महिन्यांनी गेलो तर घेतील का?

---

काळाकोट | ६ जून, रात्री ११.२०

वहीच्या पानांचा फोटो आहे तसा ठेवा, कापू नका, तारीख त्याच फाईलमध्ये असते. व्हॉट्सॲपवरून पाठवला की ती माहिती उडते, म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

केस पेपर खोडायचा नसतो, खोडूही नका. दवाखान्याकडे संपूर्ण फाईलच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. त्यात 'माहिती कोणी दिली' असा रकाना असतो, तिथे सुपरवायझरचं नाव आणि सही असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर ती दुचाकी तुमच्याच कामाची. दुचाकीवरून पडलेल्या माणसासोबत साईटचा सुपरवायझर काय करत होता आणि बिल त्यांनी का भरलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोंदीही घ्या. चाकाखाली चिरडलेला पाय आणि गाडीवरून घसरून मोडलेला पाय यात डॉक्टरला फरक सांगता येतो.

पोलिसात जा. उशीर का झाला ते तक्रारीत लिहा: दवाखान्यात होतो, पाय कापला, नंतर गावी आणलं. भारतीय दंड संहितेतलं गंभीर दुखापतीचं ३३८ आणि यंत्राबाबत हयगयीचं २८७, दोन्ही कलमं लावायला सांगा. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. मोटार दाव्याकडे जायचं ठरलं तर एफआयआरशिवाय पुढे सरकणं अवघड, म्हणून हे आधी. कामगार कार्यालयातही एक अर्ज टाका: ४८ तास किंवा त्याहून जास्त काम बंद पडेल अशा इजेची सूचना मालकानं सरकारला द्यायची असते, ती ९ मार्चच्या अपघाताची दिली होती का, एवढंच विचारा. 'नाही' आलं तरी ते लेखी घ्या.

साक्षीदार पोराला दिवाळीपर्यंत हलवू नका. त्याचं नाव आत्ता कुठेही लिहू नका, इथे तर अजिबात नाही. आणि तो अर्धा नंबर मला खाजगी निरोपात पाठवा. फोटोत क्रेनमालकाचं नाव रंगवलेलं दिसत असेल तर तेही.